पासवर्ड मॅनेजर गप्प का बसतो?

अहमदनगरचं अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीत झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते नाव अधिकृत झालं. जुन्या कागदांवर एक नाव, नव्या पाट्यांवर दुसरं, आणि बोलताना सगळे नुसतं ‘नगर’ म्हणतात. माणसांचं त्यात काही अडत नाही. अडतं ते ऑनलाइन फॉर्म भरताना. ब्राउझरमध्ये घरचा पत्ता पूर्वीच साठवलेला असतो, त्यात ‘अहमदनगर’ असतं. फॉर्ममधल्या यादीत ‘अहिल्यानगर’ एवढंच असतं. ब्राउझर नाव भरतो, ४१४००१ हा पिनकोड भरतो आणि जिल्ह्याचा रकाना कोरा सोडून देतो. दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पत्त्याचा एक रकाना हातानं भरता येतो. पासवर्डचं तसं नाही, कारण पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारा आणि आपोआप भरणारा प्रोग्राम, वापरणाऱ्याला स्वतःचे पासवर्ड पाठ नसतातच. नसावेत म्हणूनच तो मॅनेजर वापरतो. त्यामुळे लॉगिनचं पान उघडलं, युजर आयडीच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं नाव सुचवलं गेलं नाही, की पहिला विचार येतो तो ‘पासवर्ड उडाला’ हा. मग ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं जातं, ओटीपी येतो, नवा पासवर्ड होतो, आणि मूळ बिघाड तसाच राहतो. खरं तर मॅनेजर गप्प बसला म्हणजे तो बिघडलाच असं नाही. बऱ्याचदा तो काहीतरी सांगत असतो, आणि ते आधी वाचायला हवं.

याचा मोठा अनुभव नेटबँकिंग वापरणाऱ्यांना २०२५ मध्ये आला. रिझर्व्ह बँकेनं २२ एप्रिल २०२५ रोजी परिपत्रक काढून सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. हे शेपूट वाटेल त्याला विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ते फक्त बँकांना नोंदवून देते. हेतू चांगला होता: बँकेच्या नावासारखं नाव घेऊन खोटी साइट उघडणाऱ्यांची वाट अवघड करणं. स्टेट बँक ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’वर गेली, एचडीएफसी ‘एचडीएफसी डॉट बँक डॉट इन’वर. आदेश नागरी सहकारी बँकांना आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही होता. प्रवरानगरपासून सहकाराची बांधणी झालेल्या या जिल्ह्यात तो शहरापुरता राहणार नव्हताच.

जुना पत्ता टाकला तरी बँक आपल्याला परस्पर नव्या पत्त्यावर नेऊन सोडते, त्यामुळे माणसाला फरक जाणवत नाही. रंग तेच, बोधचिन्ह तेच, चौकटी त्याच जागी. पासवर्ड मॅनेजरला मात्र रंग आणि बोधचिन्ह दिसतच नाहीत. तो वरच्या पट्टीतला पत्ता वाचतो आणि आपल्या नोंदीतल्या पत्त्याशी ताडून पाहतो. नोंदीत जुना पत्ता, पट्टीत नवा. जुळलं नाही, म्हणून तो गप्प.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. मॅनेजरमध्ये त्या बँकेची जुनी नोंद उघडायची आणि तिच्यात नवा पत्ता जोडायचा. बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमध्ये एका नोंदीला कितीही पत्ते लावता येतात. ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत ही सोय नसेल, तर जुन्या नोंदीतून पासवर्ड उतरवून एकदा हातानं लॉगिन करायचं आणि ‘सेव्ह करू का?’ला होकार द्यायचा. फक्त नवा पत्ता खरा आहे ना, याची खात्री आधी करायची, आणि ती एसएमएसमधल्या लिंकवरून नव्हे. पत्ता स्वतः टाइप करा, शाखेत विचारा, किंवा बँकेच्या कागदावर बघा. ‘आमचा पत्ता बदलला, इथे क्लिक करा’ असा संदेश पाठवायला भामट्यांना यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही.

इथे नगर जिल्ह्यासाठी एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे पतसंस्थांचं जाळं दाट आहे आणि बोलताना लोक पतसंस्थेलाही सर्रास बँक म्हणतात. पण पतसंस्था ही सहकार कायद्याखालची संस्था आहे, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारी बँक नव्हे. तिला ‘डॉट बँक डॉट इन’ मिळणार नाही. त्यामुळे पतसंस्थेच्या साइटला ते शेपूट नसलं तर घाबरू नका. आणि स्वतःला बँक म्हणवणाऱ्या साइटला ते नसलं तर पासवर्ड टाकू नका.

आता हे ताडून पाहणं नेमकं कसं चालतं ते बघू, कारण निम्मी कोडी तिथंच सुटतात. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानचं संकेतस्थळ ‘साई डॉट ओआरजी डॉट इन’वर आहे आणि दर्शन-आरतीचं बुकिंग ‘ऑनलाइन डॉट साई डॉट ओआरजी डॉट इन’वर. मॅनेजरच्या लेखी हे एकच घर, कारण ‘साई डॉट ओआरजी डॉट इन’ हा मालकीचा भाग दोन्हीकडे सारखा आहे. पण ‘साई’पुढे आडवी रेघ देऊन दर्शन, बुकिंग असं काही जोडलं आणि शेवटी ‘डॉट कॉम’ लावलं, तर नावात ‘साई’ असूनही ते परकं घर. भाविकाची नजर ‘साई’ या अक्षरांवर थांबते, मॅनेजरची थांबत नाही.

मालकीचा भाग कुठून सुरू होतो हे ठरवायला ब्राउझर आणि मॅनेजर ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ नावाची यादी वापरतात. मोझिलाकडून सुरू झालेल्या या यादीत ‘को डॉट इन’, ‘ओआरजी डॉट इन’, ‘गव्ह डॉट इन’ ही शेपटं सार्वजनिक म्हणून नोंदलेली आहेत. याचा एक गमतीदार परिणाम राज्य सरकारच्या साइटवर दिसतो. ‘गव्ह डॉट इन’ सार्वजनिक, म्हणून ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे एकच घर धरलं जातं, आणि त्याखालच्या, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटीसह डझनावारी खात्यांच्या साइट म्हणजे त्याच घरातल्या खोल्या. मग शिष्यवृत्तीच्या पानावर तुम्हाला दुसऱ्याच कुठल्या तरी विभागाचा युजर आयडी सुचवला जातो. इथे मॅनेजर गप्प नाही, तो जास्त बोलतोय. ज्या मॅनेजरमध्ये सोय आहे तिथे त्या नोंदीसाठी पूर्ण पत्ता जुळला तरच सुचव, असं ठरवून देता येतं. बिटवॉर्डनमध्ये त्या पर्यायाचं नाव ‘होस्ट’ आहे.

या काटेकोरपणाचा फायदा कुठे होतो त्याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनदाराच्या घरांसाठी ओळखलं जातं. २०११ साली युको बँकेनं तिथे शाखा उघडली तीही कुलपाविना, अशी बातमी देशभर झाली होती. त्याच शिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप चालवून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतल्याच्या तक्रारीवरून २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. बनावट ठिकाणी देवाचा फोटो खराच असतो, नावही खरंच असतं. खोटा असतो तो पत्ता. संस्थानाच्या किंवा बँकेच्या खऱ्या साइटवर तुमचं खातं असेल आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या पानावर मॅनेजर काहीच सुचवत नसेल, तर तो बिघाड समजून हातानं पासवर्ड चिकटवणं म्हणजे पहारेकऱ्यानं अडवलेल्या माणसाला मागच्या दारानं आत घेणं. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी नेहमी पत्ता वाचण्याची.

पत्ता बरोबर आहे, तरी भरलं जात नाही? मग दोष बहुधा फॉर्मचा असतो, आणि आपल्याकडच्या साइट याबाबतीत फार कल्पक आहेत.

मॅनेजर पान वाचतो तेव्हा पासवर्डच्या प्रकारची चौकट शोधतो आणि तिच्या आधीची मजकुराची चौकट युजर आयडीची समजतो. हा झाला अंदाज. फॉर्म बनवणाऱ्यानं प्रत्येक चौकटीला ‘ऑटोकम्प्लीट’ या गुणधर्मात ती कशाची आहे हे लिहून ठेवलं, तर अंदाजाची गरज पडत नाही. ‘युजरनेम’, ‘करंट-पासवर्ड’, ‘न्यू-पासवर्ड’, ‘वन-टाइम-कोड’ असे ठरलेले शब्द त्यासाठी आहेत. पण बरेच जण तिथे ‘ऑफ’ लिहितात, म्हणजे ‘काही भरू नकोस’. लॉगिनच्या चौकटींपुरता हा हुकूम ब्राउझरांनी कधीच मानायचा सोडला: इंटरनेट एक्सप्लोररनं अकराव्या आवृत्तीपासून, क्रोमनं २०१४ मध्ये, फायरफॉक्सनं २०१५ मध्ये. पासवर्ड साठवू दिला नाही तर लोक सोपा पासवर्ड ठेवतात आणि तोच सगळीकडे वापरतात, हे त्यामागचं कारण.

ब्राउझर ऐकत नाहीत म्हटल्यावर साइट बनवणाऱ्यांनी पळवाटा काढल्या. कुणी पासवर्डची चौकट साध्या मजकुराची ठेवतो आणि अक्षरांवर नुसते ठिपके रंगवतो. मॅनेजरला ती पासवर्डची चौकट वाटतच नाही. कुणी पेस्ट बंद करतो, कुणी उजवं क्लिक. कुणी पडद्यावर कळफलक काढून त्यावरच अक्षरं दाबायला लावतो. हा पडद्यावरचा कळफलक सायबर कॅफेच्या काळातला. तिथल्या संगणकावर कळा टिपणारा प्रोग्राम असेल, ही भीती तेव्हा रास्त होती. आज बहुतेकांचं नेटबँकिंग स्वतःच्या फोनवर असताना लांबलचक पासवर्ड एकेक अक्षर टिपून भरायला लावणं म्हणजे ग्राहकाला छोटा पासवर्ड ठेवायला भाग पाडणं आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ मध्येच पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं म्हटलं होतं, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानं त्याच वर्षी पेस्ट अडवणाऱ्यांना जाहीरपणे फटकारलं होतं.

सगळ्यात चकवणारा प्रकार वेगळाच आहे, आणि सरकारी व जुन्या धाटणीच्या साइट वापरणाऱ्यांनी तो समजून घ्यावा. मॅनेजर पासवर्ड भरतो, ठिपके दिसतात, आपण बटण दाबतो, आणि ‘चुकीचा पासवर्ड’ असं उत्तर येतं. हातानं टाकला की तोच पासवर्ड चालतो. होतं असं, की काही साइट लॉगिनचं बटण दाबल्याबरोबर चौकटीतला खरा पासवर्ड पुसून त्याजागी त्याचा ‘हॅश’ ठेवतात, म्हणजे गणितानं काढलेली लांबलचक अक्षरमाळ, आणि ती सर्व्हरकडे पाठवतात. ब्राउझर ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ विचारतो तो नेमका त्याच क्षणी. आपण हो म्हणतो आणि खऱ्या पासवर्डऐवजी ती माळ साठवली जाते. पुढच्या वेळी तीच भरली जाते, साइट तिचा पुन्हा हॅश काढते, आणि दार उघडत नाही. अशा चार खेपा झाल्या की खातंच लॉक.

हे ओळखणं सोपं आहे. साठवलेली नोंद उघडून डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारा. आपण ठेवलेल्या पासवर्डऐवजी ३२, ६४ किंवा १२८ अक्षरांची ओळ दिसली आणि तिच्यात ० ते ९ हे अंक व इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरं असली, तर तो हॅश. तो पुसून खरा पासवर्ड लिहा. आणि पुढे लॉगिननंतर ‘पासवर्ड अपडेट करू का?’ असं विचारलं गेलं की ठामपणे नाही म्हणा, नाहीतर सुधारलेली नोंद पुन्हा बिघडेल. पान सुरक्षित जोडणीवर असताना पासवर्ड वाटेत सांकेतिक रूपातच जातो. तरी ही वेगळी कसरत कशासाठी, असा प्रश्न पडणं योग्यच आहे.

लांबीचाही घोळ असतो. नोंदणीच्या पानावर वीस अक्षरांचा पासवर्ड स्वीकारला जातो आणि लॉगिनच्या चौकटीत पंधराच अक्षरं मावतात. मॅनेजर निमूटपणे उरलेली पाच गाळतो आणि आपल्याला कळत नाही, कारण ठिपके कोण मोजतं? साइटच्या अशा लहरींची यादीच ॲपलनं २०२० पासून खुली करून ठेवली आहे, कुठल्या साइटला कसा पासवर्ड चालतो याची. सगळ्याच मॅनेजरांनी ती वापरावी म्हणून.

आयकर विभागाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या पोर्टलवर आधी पॅन टाकायचा, पुढे जायचं, मग खूण करून पासवर्ड टाकायचा. अशा दोन टप्प्यांच्या लॉगिनमध्ये पहिल्या पानावर पासवर्डची चौकट नसल्यानं मॅनेजर बावचळतो. दुसऱ्या टप्प्यावर त्याच्या चिन्हावर क्लिक करून किंवा कळांनी त्याला पुन्हा बोलवावं लागतं. संगणकावर बिटवॉर्डनसाठी त्या कळा कंट्रोल, शिफ्ट आणि एल. संस्थांच्या नेटबँकिंगमध्ये तिसरीच अडचण. तिथे कॉर्पोरेट आयडी, युजर आयडी आणि पासवर्ड अशा तीन चौकटी असतात आणि मॅनेजरच्या नोंदीत दोनच जागा. सोसायटीच्या किंवा शाळेच्या हिशेबनिसानं त्या नोंदीत एक जादा रकाना स्वतः तयार केला की काम होतं.

आणखी एक नेहमीचं: चौकटी भरलेल्या दिसतात, पण बटण फिकटच राहतं. मजकूर टाइप झाल्याची चाहूल पानाला लागलेली नसते. चौकटीत शेवटी एक मोकळी जागा देऊन ती लगेच खोडायची. बटण जागं होतं.

फॉर्मही ठीक असेल तर शेवटी आपलं यंत्र. फोनमध्ये एका वेळी भरण्याचं काम एकाच सेवेकडे दिलेलं असतं. अँड्रॉइडनं आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आणि आयफोननं २०१८ पासून बाहेरच्या मॅनेजरना हे काम करू दिलं. सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल’ शोधलं की कोण नेमलेलं आहे ते दिसतं. अपडेटनंतर तिथे पुन्हा गूगलचं नाव आलेलं असू शकतं. क्रोममध्ये दुसरी सेवा वापरण्याचा वेगळा पर्याय आहे, तोही बघावा लागतो. बॅटरी वाचवण्यासाठी काही स्वस्त फोन मागे चालणारी ॲप बंद करतात, त्यात मॅनेजरही जातो. त्याला बॅटरीच्या बंधनातून वगळावं. ब्राउझरचा आणि बाहेरचा, असे दोन मॅनेजर एकाच चौकटीवर आपापली यादी उघडत असतील तर एकाला रजा द्या. कार्यालयातल्या संगणकावर मराठी टायपिंग चालू राहिलं असेल तर मॅनेजर उघडण्याचा मास्टर पासवर्डही चुकतो, हे शंभर गोष्टी तपासून झाल्यावर लक्षात येतं.

कधी कंपनीच दुकान बंद करते. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरनं जुलै २०२५ मध्ये आपोआप भरणं थांबवलं आणि ऑगस्टपासून त्यात साठवलेले पासवर्ड दिसेनासे झाले. ज्यांनी सूचना वाचल्या नाहीत त्यांना तो बिघाडच वाटला. आपल्या पासवर्डांची प्रत दुसऱ्या मॅनेजरमध्ये कशी न्यायची, हे आधीच पाहून ठेवणं बरं. न्यायच्या वेळी तयार होणाऱ्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे असतात, काम झाल्यावर ती पुसायला विसरू नये.

काही मॅनेजर पान उघडताच भरत नाहीत, क्लिकची वाट पाहतात. हा आळस नव्हे. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही जाहिरात कंपन्यांचे प्रोग्राम पानावर न दिसणारा लॉगिन फॉर्म टाकून ब्राउझरनं आपोआप भरलेला ईमेल उचलत होते. क्लिकलाही फसवता येतं: ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकानं मॅनेजरची यादी अदृश्य करून वापरणाऱ्याला नकळत तिच्यावर क्लिक करायला लावण्याची युक्ती उघड केली, त्यानंतर अनेक मॅनेजरना सुधारणा कराव्या लागल्या. तरीही ‘पान उघडताच भर’ हा पर्याय बंदच ठेवावा, एक क्लिक जास्त पडलं तरी.

महा ई-सेवा केंद्रात मात्र प्रश्न उलटा होतो. तिथल्या एका संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या माणसांचे अर्ज भरले जातात. चालकानं घाईत एकदा ‘सेव्ह’ दाबलं की पाथर्डीच्या विद्यार्थ्याचा युजर आयडी पुढच्या माणसाच्या अर्जात सुचवला जातो, आणि मागे राहिलेला पासवर्ड कुणालाही डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून वाचता येतो. चालकानं ब्राउझरमधलं पासवर्ड साठवणं बंद करून प्रत्येक ग्राहकासाठी गेस्ट खिडकी उघडली तर हा घोळ होत नाही. आपण ग्राहक असू तर उठण्यापूर्वी लॉगआउट झालं का ते बघावं, आणि घरी येऊन स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदलावा.

पतसंस्थांच्या, शाळांच्या, दूध संघांच्या साइट बहुधा जवळपासचेच तरुण बनवून देतात. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेले. त्यांच्या हातात करण्यासारखं फार थोडं आहे आणि ते फुकट आहे. दोन्ही चौकटी एकाच खऱ्या फॉर्ममध्ये ठेवायच्या, त्यांना ‘युजरनेम’ आणि ‘करंट-पासवर्ड’ अशी नावं द्यायची, नव्या पासवर्डच्या चौकटीला ‘न्यू-पासवर्ड’ म्हणायचं, पेस्ट अडवायचं नाही, आणि साइटचा पत्ता बदलायचा झाला तर लॉगिनच्या पानावर जुना व नवा पत्ता महिनाभर आधीपासून ठळक लिहून ठेवायचा.